आधी तारीख, मग हार

कय्यूम, परवा लातूरला तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार घालताना सरांचे हात थरथरत होते. मी पहिल्या रांगेत होतो म्हणून नीट दिसलं, कॅमेरा वळला की थरथर वाढायची. तुमच्या घरात फोटोला हार घालत नाहीत, हे कुणी सायमाला विचारलं नाही. तुझी लेक ओढणी सावरत, मान खाली घालून बसली होती. शेवंतीचा जाड हार होता, त्यात तुझी हनुवटी बुडाली होती. फोटोतला तू मात्र तसाच, बांधणीची खळ पातळ झाल्यावर जसा कंटाळून हसायचास तसा.

सर चाळीस मिनिटं बोलले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर उद्या हेच कात्रण लॅमिनेट होऊन त्यांच्या केबिनमध्ये लागेल. अकरावी-बारावीची शिकवणी, तीन इमारती, प्रत्येक इमारतीवर त्यांचा फोटो आणि प्रत्येक फोटोत ते वेगळ्या दिशेला भविष्य पाहत असलेले, एवढं पुरे. या वर्णनात बसणारी माणसं लातूरला पुष्कळ आहेत, पण ज्याला कळायचं त्याला कळेल.

ते म्हणाले, "कय्यूम माझा मानसपुत्र होता." गेल्या तीस वर्षांत तू त्यांचा ऑपरेटर होतास, मग 'तो नांदेडचा' झालास, मग दरवर्षी जूनमध्ये नव्या बॅचला सांगायचं निष्काळजीपणाचं उदाहरण झालास. मानसपुत्र व्हायला मरावं लागतं, हे तुला माहीत असतं तरी तू घाई केली नसतीस.

तुझी त्यांना अचानक आठवण का झाली, ते सांगतो. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशात मोठ्या कंपनीत आहे. त्याने फेसबुकवर लिहिलं की, नव्वदीच्या दशकात लातूरच्या एका पत्र्याच्या खोलीत एका माणसाने युनिक्सवरची 'मेक' नावाची यंत्रणा एकट्याने डॉसच्या मशीनवर आणली होती, आणि मी पहिल्यांदा संगणक पाहिला तो त्या माणसाच्या हातचा. हजारो लोकांनी ते वाचलं. आठवड्याच्या आत सरांनी मांडव घातला.

हे मी श्रद्धांजली म्हणून लिहीत नाही, सूड म्हणून लिहितोय. तू होतास तोवर तू मला लिहू दिलं नाहीस. दर वेळी तेच, "जाऊ दे ना मिलिंदा." आता जाऊ दे म्हणणारा नाही.

आपली ओळख नांदेडच्या कॉलेजात झाली. मी मुखेडहून एसटीने आलेला, तू जुन्या गावातल्या जिल्दसाजांच्या गल्लीतला. तुझे अब्बा सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं बांधायचे, लाल कापडाची, कोपऱ्यांना चामडं लावलेली. कॉलेजात एकच युनिक्सचं मशीन होतं आणि त्याला जोडलेले आठ पडदे. ज्याला पडदा मिळायचा नाही तो मागे उभा राहून दुसऱ्याच्या चुका काढायचा. आपली मैत्री तशीच झाली. चुका तू काढायचास.

'मेक' म्हणजे काय, ते मला तू दुकानात बसून समजावलंस. सुटे छापील कागद दुमडून त्यांचे जुज करायचे, जुज शिवायचे, पाठीला खळ लावायची, वाळलं की पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कापड. एखादं जुज बदललं तर काय काय पुन्हा करावं लागेल आणि कशाला हात लावायची गरज नाही, हे ज्याला कळतं तो कारागीर. प्रोग्रामचं तसंच आहे, तू म्हणालास. तीस फाइली मिळून एक प्रोग्राम. एक फाइल बदलली की तेवढीच नव्याने बांधायची, बाकीच्या राहू द्यायच्या. कुठली बदलली हे 'मेक' तारखेवरून ओळखतं. फाइलची तारीख प्रोग्रामच्या तारखेपेक्षा नवी असेल तर बांध, जुनी असेल तर सोड. "बस, इतकंच," तू म्हणालास. "तारखेवर पूर्ण भरोसा." तुझे अब्बा हसले होते. कचेरीतल्या तारखांवर भरोसा ठेवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

मग भूकंप झाला. त्याचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी त्यात काही गमावलं नाही त्यांनीच त्याची वर्णनं जास्त केली आहेत. आपल्या वाट्याला आल्या त्या याद्या. कुठल्या गावात कुणाचं घर किती पडलं, कोण कुठल्या वर्गात बसतो. हे काम सरांना मिळालं. तेव्हा ते गणिताची शिकवणी पत्र्याच्या शेडमध्ये घ्यायचे, पण त्यांच्याकडे सहा संगणक होते, आणि लातुरात सहा संगणक असलेला माणूस तेव्हा शास्त्रज्ञच समजला जायचा. याद्यांचा प्रोग्राम तू कॉलेजच्या युनिक्सवर आधीच लिहिलेला होतास. सरांची मशीनं होती डॉसची.

अडचण विजेची होती. त्या मशीनवर सगळा प्रोग्राम मुळापासून बांधायला पाऊण तास लागायचा आणि वीज सलग पाऊण तास राहायची नाही. म्हणजे बदललेल्या फाइलीच तेवढ्या बांधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे 'मेक' हवं होतं. मोफत वाटला जाणारा त्याचा सोर्स कुणीतरी पुण्याहून फ्लॉप्यांवर आणून दिला आणि तू कामाला बसलास.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात चांगले होते हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाला असतास, मग प्रिंटरची रिबन बदल. युनिक्सची तिरपी रेघ एका बाजूला कलायची, डॉसची दुसऱ्या. युनिक्सवर फाइलला हवं तेवढं लांब नाव देता यायचं. डॉसवर आठ अक्षरं आणि मागे तीन, त्यामुळे आपल्या गावांची नावं ओळखू येईनाशी झाली. 'मेक'च्या आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते आणि तिथला एडिटर गुपचूप टॅबच्या जागी मोकळ्या जागा टाकायचा. त्यात दोन दिवस गेले. तू एडिटरला शिवी दिली नाहीस, नवा एडिटर शोधलास.

सगळ्यात मोठा पेच मेमरीचा होता. 'मेक' स्वतः मेमरीत बसून, प्रोग्राम प्रत्यक्ष बांधणाऱ्या कंपायलरला बोलवायचं आणि कंपायलरला पाय ठेवायला जागा उरायची नाही. तीन दिवस तू नुसता पुठ्ठे कापत होतास, तुझा विचार करण्याचा तो मार्ग. चौथ्या दिवशी तू 'मेक'ला असं शिकवलंस की त्याने कामांची यादी एका फाइलीत लिहून ठेवायची आणि स्वतः मेमरीतून बाहेर पडायचं. मग डॉस ती यादी वाचून कामं करील. "ज्याला काम कळतं त्यानं सांगून बाजूला व्हायचं," तू म्हणालास. नेमके तेव्हाच सर खोलीत आले आणि अर्धा तास थांबले.

आणि ती बॅटरी. याद्यांच्या मुख्य मशीनमधली घड्याळाची बॅटरी मेलेली होती. मशीन बंद झालं की ते तारीख-वेळ विसरायचं. चालू केलं की ते आजची तारीख विचारायचं आणि नुसतं एन्टर दाबलं की एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी धरून चालायचं. नवी बॅटरी मागवली होती. ती सरांच्या प्रतिष्ठेइतकीच लांबून येणार होती. तोवर तू एक पाटी केलीस. जाड पुठ्ठा, कडेला लाल कापडाची पट्टी, त्यावर तुझ्या सुबक अक्षरात 'आधी तारीख'. ती पडद्यावर टांगलेली असायची. मशीन लावणाऱ्याने पाटी उचलायची, भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहायचं, तारीख टाकायची, मगच कामाला हात. कॅलेंडर सरांचंच होतं, फोटोसकट. त्यांचा चेहरा कामाला आलेला मी तेवढाच पाहिला.

मग उद्घाटन ठरलं. कशाचं, हे मला आजही सांगता येणार नाही. खोली जुनीच होती, मशीनं जुनी होती, काम चार महिने चालू होतं. पण मुंबईहून एक पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते संगणक 'सुरू' व्हायचा होता आणि शेवटी किल्लारीच्या पुढच्या एका गावाची पहिली छापील यादी त्यांच्या हातून गावाला द्यायची होती. सर सकाळी खोलीत आले, पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काढा. बरं दिसत नाही." तू सांगून पाहिलंस. ते म्हणाले की पाहुण्यांसमोर पुठ्ठे टांगून आपण काय वाण्याचं दुकान लावलंय का. स्वतःच्या हाताने त्यांनी पाटी काढली आणि त्या जागी झेंडूचा हार घातला. पडद्याला हार. त्यातून मध्ये थोडी काच दिसत होती.

आपल्याला मागे जायला सांगितलं, फोटोत गर्दी नको म्हणून. मी खिडकीतून पाहत होतो. सरांनी बटण दाबलं, मशीन गुरगुरलं, तारीख विचारायला थांबलं. हाराखाली ती ओळ कुणाला दिसणार. "साहेब, आपल्या शुभहस्ते," सर म्हणाले, आणि पाहुण्यांनी एक बोट लावून एन्टर दाबलं. मशीनने वेळ विचारली. पाहुण्यांनी पुन्हा एन्टर दाबलं. टाळ्या झाल्या. लातुरात एकोणीसशे ऐंशी सुरू झालं.

सगळे मांडवात भाषणांना गेले आणि आपण खोलीत शिरलो. तुला त्याच सकाळी एक चूक सापडली होती. त्या गावातल्या एका गल्लीत भावाभावांच्या वाटण्या होऊन एका घराची तीन-चार घरं झाली होती. चौदा अ, चौदा ब, चौदा क. प्रोग्राम पुढचं अक्षर वाचायचाच नाही. त्याला ते सगळं एकच घर वाटायचं, तो एक नाव ठेवायचा आणि बाकीची गाळायचा. हार जरा बाजूला सारून तू वीस मिनिटांत दुरुस्ती केलीस, फाइल साठवलीस, पाणी पिऊन आलास आणि 'मेक' चालवलंस. 'मेक'ने फाइलची तारीख पाहिली, एकोणीसशे ऐंशी. प्रोग्रामची पाहिली, आदल्या दिवशीची. त्याने इमानाने सांगितलं की प्रोग्राम ताजा आहे, काही करायची गरज नाही. तू थबकलास. प्रिंटरच्या खोलीच्या दारात येऊन मला एक प्रश्न विचारलास. मी उत्तर दिलं. तू समाधानाने परत गेलास. त्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

जुन्या प्रोग्रामने यादी काढली. पाहुण्यांनी ती उंचावली. फोटो निघाले. यादी त्याच दिवशी गावात लागली.

तिसऱ्या दिवशी चंद्रकलाबाई आल्या, त्या गल्लीत शिलाई मशीन चालवणाऱ्या. सोबत दिराचा मुलगा आणि हातात मातीने माखलेलं, पानं सुटलेलं रेशनकार्ड. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मशीनकडे पाहिलं, त्याच्यावरचा हार तोवर सुकला होता, पण कुणी काढला नव्हता.

"माझं घर पडलंय का न्हाई, एवढं विचारा त्याला," त्या म्हणाल्या. "त्याला दिसत न्हाई म्हन्तेत."

यादी दुरुस्त व्हायला चार दिवस लागले, दुरुस्त यादीवर सह्या व्हायला अख्खा पावसाळा. ती गल्ली पुढच्या टप्प्यात गेली आणि तो पावसाळा तिने पत्र्याखाली काढला. चौकशीला माणूस आला. सरांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं की ऑपरेटरचा निष्काळजीपणा. ऑपरेटरचं नाव कय्यूम असल्यामुळे ते लोकांना पटकन पटलं. ते दिवसच तसे होते, दंगली अजून ताज्या होत्या. तुझ्याकडून कबुलीचं पत्र लिहून घेतलं. खाली साक्षीदार म्हणून सही लागत होती. ती माझी आहे.

त्या दिवशी आपलं जे भांडण सुरू झालं ते तू गेलास तेव्हाही संपलेलं नव्हतं. मी म्हणत होतो की चौकशीवाल्याला पाटी दाखव, हार दाखव, फोटोत पाहुण्यांचं बोट एन्टरवर आहे ते दाखव. तू पेन घेऊन सही करत होतास.

"सरांना काढलं तर उरलेल्या गावांच्या याद्या कोण काढील?" तू विचारलंस. "तू काढतो?"

"चूक त्यांची आहे."

"बॅटरी मेलेली मला ठाऊक होती ना. पुठ्ठा टांगून बसलो. पुठ्ठा कुणीबी काढतं. मशीननं स्वतः विचारायला पाहिजे होतं."

मी म्हणालो, हा चांगुलपणा नाही, ही मिजास आहे. जगातल्या प्रत्येक मूर्खाचा बंदोबस्त तुझ्या प्रोग्रामने करायला हवा होता असं समजणं. तू म्हणालास, हाव, तसंच समजतो. आणि माझ्याकडून वचन घेतलंस की हे कुठे बोलायचं नाही. मी दिलं. फार पटकन दिलं.

पुढच्या आठवड्यात तू मला घेऊन जीपने त्या गावाला गेलास. चंद्रकलाबाई पत्र्याच्या दारात बसून कुणाचं तरी पोलकं शिवत होत्या. "कबुलीच्या कागदावर सही तुमचीच का?" त्यांनी विचारलं. तू हाव म्हणालास. त्या म्हणाल्या, "मंग बसा. आजवर कुनी आलंच न्हाई." तू त्यांचं रेशनकार्ड मागून घेतलंस, पिशवीतून सुई, दोरा आणि कापडाची पट्टी काढलीस, आणि चहा होईतो ते नव्याने शिवून दिलंस. मी शेजारी बसून सरांचं काय करायचं याचा विचार करत होतो. तू टाके मोजत होतास.

उरलेल्या गावांच्या याद्या काढून होईपर्यंत तू लातूरला राहिलास, मग अब्बांच्या दुकानात परतलास. मला त्याआधीच नांदेडच्या एका ग्रंथालयात कारकुनी मिळाली होती. पुढे काय झालं ते लातूरला सगळ्यांना माहीत आहे. तुझा जो प्रोग्राम पडलेली घरं वर्गवारीने लावायचा, तोच थोडा बदलून सरांनी चाचणीच्या गुणांवर लावला. कोण किती पडलं याऐवजी कोण कितवा आला. शेडची इमारत झाली, एकीच्या तीन झाल्या. राज्यभरातून मुलं ट्रंका घेऊन आली, घरं सोडून दहा बाय दहाच्या खोल्यांत चौघं चौघं राहिली. आणि दरवर्षी पहिल्या तासाला सर त्यांना गोष्ट सांगायचे. माझ्याकडे एक ऑपरेटर होता. त्याने एक क्षण लक्ष दिलं नाही. एक गाव उपाशी राहिलं. म्हणून उत्तरपत्रिकेत गोल रंगवताना सावध राहा.

गाव उपाशी नव्हतं राहिलं, गल्ली पावसात राहिली होती. पण गोष्ट अशीच मोठी होत असते. माझ्या पुतण्याने ती त्यांच्या वर्गात ऐकली आणि घरी येऊन मला सांगितली, नावासकट. त्या दिवशी मी दुकानात आलो तेव्हा तुला आठवत असेल. मी म्हणालो, आज वचन मोडतो. तू मुलांच्या नोट्सना स्पायरल लावत होतास, तोंड वाकडं करून. स्पायरलला तू कधी बांधणी म्हणाला नाहीस. त्या नोट्स सरांच्याच क्लासच्या होत्या. तू म्हणालास, "मुलं सावध राहतात ना? राहू दे मग."

तुझा हा थंडपणा मला तीस वर्षं चावत राहिला. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं मी तुझ्याकडे पाठवायचो. सुडाच्या कथा मुद्दाम वर ठेवायचो. तू त्या शिवून, नवं कापड चढवून परत पाठवायचास. वाचायचास की नाही देव जाणे.

एकदा मी लातूरहून आलो होतो. सरांच्या मुख्य इमारतीवर त्यांनी नवं सुवचन रंगवलं होतं, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. 'आधी तारीख, मग हार'. खाली त्यांचं नाव. मी तुला हसत हसत सांगितलं की अर्धे शब्द त्या माणसाने तुझ्या पाटीवरून उचललेत. उरलेले अर्धे त्याच्या आवडीच्या विषयावरचे दिसतात. तू खळ लावत होतास. मान वर न करता म्हणालास, "चांगलंय की. रंग कोणता दिलाय?"

निळा, मी म्हणालो. तू परत म्हणालास, चांगलंय.

परवा शोकसभेत त्या परदेशातल्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला की, लॅबमध्ये रोज सकाळी मशीन लावलं की काळ्या पडद्यावर हीच ओळ इंग्रजी अक्षरांत यायची, तारीख टाकल्याशिवाय पुढे सरकायची नाही, आणि तिचा अर्थ आम्हाला कधी कळला नाही. सरांनी लगेच माइक घेतला. ते त्यांचंच वाक्य आहे, म्हणाले. आधी तारखेची शिस्त, मग सत्काराचा हार. कय्यूमला त्यांनी सांगून ते मशीनमध्ये टाकून घेतलं होतं. लोकांनी माना डोलावल्या. माझ्याही डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही. मी फक्त चिडलो.

सभा संपल्यावर सायमाने माझ्या हातात एक जाड पुस्तक ठेवलं. अब्बूंनी तुमच्यासाठी ठेवलं होतं, म्हणाली. लाल कापड, चामड्याचे कोपरे, कचेरीच्या रजिस्टरासारखं. आत डॉट मॅट्रिक्सवर छापलेले तुझ्या 'मेक'चे कागद, कडेच्या भोकांच्या पट्ट्या कापून, जुज पाडून, हाताने शिवलेले. नांदेडच्या गाडीत बसल्यावर ते उघडलं. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते.

शेवटच्या जुजात एक तपासणी आहे, तू मागाहून जोडलेली, मशीन चालू होताच चालणारी. मशीनची आजची तारीख डिस्कवरच्या सगळ्यात नव्या फाइलीहून जुनी असेल, तर थांबायचं. ज्या फाइली उद्या जन्मणार त्या आज डिस्कवर कशा, असा साधा हिशेब. थांबताना पडद्यावर एक ओळ दाखवायची. ती ओळ, 'आधी तारीख, मग हार'. आणि तिच्या वर, मशीन वाचत नाही पण माणसाला वाचता यावी अशी, तुझी टिपणी. तुझे शब्द जसेच्या तसे उतरवतो, एक नाव तेवढं वगळून.

'ही तपासणी का घातली: उद्घाटनाच्या दिवशी सरांनी तारखेची पाटी काढून पडद्याला हार घातला. पाहुण्यांनी तारखेवर नुसतं एन्टर दाबलं. जुना प्रोग्राम चालला. गल्लीची नावं गेली. मी विचारलं होतं, पण स्वतः पाहिलं नाही. पुन्हा असं होऊ नये.'

मी उदगीर रोडच्या फाट्यापर्यंत नुसता हसत होतो. शेजारच्या बाईंनी पदर सावरून खिडकीकडे सरकून घेतलं. जाऊ दे म्हणणारा माणूस. टाके मोजणारा माणूस. तू त्यांचा गुन्हा त्यांच्याच प्रत्येक मशीनमध्ये ठेवून आलास, रोज सकाळी त्यांच्याच लॅबमध्ये तो दाखवलास, आणि त्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो भिंतीवर रंगवून खाली सही केली. तू कबुलीपत्र एकदा लिहून दिलंस, तेही कोपऱ्यातल्या फाइलीत. त्यांचं चौकात आहे. आणि मला रंग विचारतोस.

तीस वर्षं मी सुडाचा विचार केला आणि तू तो करून ठेवून बांधणीही केलीस. हे मी तुला माफ करणार नाही.

आता तो प्रश्न. "मी विचारलं होतं," एवढंच तू लिहिलंस. कुणाला, ते लिहिलं नाहीस. चौकशीतही सांगितलं नाहीस, त्या पत्रातही नाही, दुकानात नाही, दवाखान्यात शेवटच्या दिवशीही नाही. मी वचन इतक्या पटकन का दिलं, तेही तुला ठाऊक होतं. पाटीची गोष्ट बाहेर आली असती तर मागोमाग हीही आली असती. मी सरांवर दात खाऊन होतो ते खरंच, पण तुझ्या गप्प बसण्याच्या सावलीत मीही तीस वर्षं आरामात बसलो होतो. म्हणून तुझ्या टिपणीत मी एक ओळ जोडतो. पुस्तकात पेन्सिलने लिहिली आहे, इथे छापून.

'कय्यूमने दारात येऊन विचारलं, मिलिंदा, तू आधीच मेक चालवलंस का. मी प्रिंटरला कागद लावत होतो. न चालवता हाव म्हणालो. त्या दिवशी मी सगळ्यांना हावच म्हणत होतो. मिलिंद सोनकांबळे, नांदेड.'

काल पुन्हा लातूरला जाऊन आलो. कामाशिवाय. तुझ्या शोकसभेसाठी भिंतीला नवा रंग दिलाय, अक्षरं अजून ओली असल्यासारखी चमकतात. दुपारची बॅच सुटत होती, मुलांची रांग त्या ओळीखालून चालली होती. हे छापून आलं की त्यातली काहीजण थांबून वर पाहतील. सर ती ओळ पुसायला माणूस पाठवतील, की पुसली तर मान्य केल्यासारखं होईल म्हणून ठेवतील, याचा मी बराच वेळ विचार केला. दोन्हीकडून तुझंच जमतं.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. वॉचमन जवळ आला. कुणाला भेटायचं काका, म्हणाला.

"कुणाला न्हाई," मी म्हणालो. "वाचून राहिलो."